येलदरीच्या पाण्यावर अडलेली ठिणगी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. ते १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटची तीन जनित्रे, म्हणजे एकूण २२.५ मेगावॉट क्षमतेचे वीजगृह उभारण्यात आले. मराठवाड्यातील अनेक शिक्षकांनी शाळेची सहल तेथे नेली असेल. चुंबक फिरतो, वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषांची संख्या बदलते आणि वीज निर्माण होते, हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी फळ्यावर लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही याच जलाशयाच्या काठी, एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून, नेमके याच तत्त्वावर चालणारे पण जेवणाच्या ताटाएवढे एक यंत्र का रुसले आहे याचा शोध घेत होतो.

यंत्र होते एका जुन्या मोटरबोटीचे. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायची, दोरी ओढून सुरू करायची, दोन सिलिंडरची पेट्रोल मोटर. वय तिशीच्या पुढे. आम्ही शिक्षकांच्या एका शिबिरासाठी जिंतूरला गेलो होतो. शिबिरातील एका शिक्षकांनी ‘सर, तुम्ही वीज शिकवता, तर आमच्या बोटीची वीज बघा की’ असे म्हणून आम्हाला जवळजवळ ओढतच तेथे नेले. बोट गावातल्या मासेमारांची. एरवी हे लोक थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. मोटरबोट लागायची ती जड जाळी वाहून नेण्यासाठी, आणि पावसाळ्यात पाणी पसरले की पलीकडच्या वस्तीवरची माणसे आणण्यासाठी.

तक्रार अशी. इंजिन गार असताना तिसऱ्या हिसक्याला सुरू होई आणि झकास चाले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याचा आवाज बदले, जोर निम्मा होई, आणि थोड्या वेळाने ते बंद पडे. अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू. आदल्या पावसाळ्यात ते असेच भर पाण्यात बंद पडले होते. बोटीत सात माणसे होती, त्यात एक बाळंतीण. वाऱ्याने बोट तासभर वाहत गेली आणि बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत अडकली म्हणून बचावली. तेव्हापासून गावातली माणसे त्या बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती. मृग तीन आठवड्यांवर आला होता.

जिंतूरहून एका मिस्त्रींना बोलावले होते. त्यांचे सारे आयुष्य लुना आणि स्कूटरी दुरुस्त करण्यात गेलेले. त्यांनी आल्या आल्या दोन्ही प्लग काढले, ते टोपीत खोचून इंजिनाच्या अंगाला टेकवले आणि दोरी ओढली. दोन्हीकडे निळी ठिणगी चटचटली.

‘करंट तर हाय की साहेब,’ ते म्हणाले. ‘गार असतानी समदं ठीकच दिसतंय. गरम झाल्यावर कोण मरतंय ते बघावं लागंल.’

आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की कॉइल मरत असणार. तारेला कुठेतरी केसाएवढी चीर असेल, तापल्यावर ती फाकत असेल. कारण तर्कशुद्ध होते. ते बरोबर होते की नाही हे पुढे येईलच. त्याआधी ही ठिणगी मुळात इतकी नाजूक वस्तू का आहे ते पाहू, कारण इंजिनाच्या इतिहासात या एका ठिणगीने जितका त्रास दिला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने दिला असेल.

गंमत म्हणजे या कथेची सुरुवातही एका जलाशयात, होडीतच होते. १७७६ च्या नोव्हेंबरात अलेस्सांद्रो व्होल्टा इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत काठीने चिखल ढवळत होता. वर येणारे बुडबुडे त्याने बाटलीत धरले. तो वायू जळत होता. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. पुढल्याच वर्षी व्होल्टाने एक ‘विद्युत पिस्तूल’ केले. धातूच्या भांड्यात जळाऊ वायू आणि हवा भरायची, बूच मारायचे आणि आत विजेची ठिणगी पाडायची. बूच धडाक्याने उडते. कोमोपासून मिलानपर्यंत तार ओढून इकडून ठिणगी पाठवायची आणि तिकडे पिस्तूल उडवून निरोप द्यायचा, असाही त्याचा एक विचार होता. बूच म्हणजे दट्ट्या समजा, आणि पेट्रोल इंजिनाचा गाभा तयार झाला. व्होल्टाच्या हातून पहिली विद्युत घटमाला तयार व्हायला तेव्हा अजून वीसहून अधिक वर्षे बाकी होती. ठिणगी यायची ती घर्षणाच्या विजेतून.

१८०७ साली दोन गोष्टी घडल्या. स्वित्झर्लंडच्या आयझॅक द रिवाझने हायड्रोजनवर चालणारे, ठिणगीने पेटणारे इंजिन केले. आणि फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स व त्याच्या भावाने स्फोटाच्या इंजिनावर एक होडी सोन नदीत प्रवाहाविरुद्ध चालवून दाखवली. होय, छायाचित्रणाच्या इतिहासात ज्याचे नाव पहिले येते तोच हा निएप्स. त्यांचे इंधन मुख्यतः एका वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी होते आणि ती पेटवायला ज्योत वापरली होती, ठिणगी नव्हे. म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाची पहिली होडी पाण्यात उतरली तेव्हा वीज काठावरच राहिली.

१८३१ मध्ये फॅरडेने विद्युत चुंबकीय प्रवर्तन शोधले आणि मग ठिणगीला हवा असलेला मोठा दाब निर्माण करण्याचा मार्ग खुला झाला. आयर्लंडमधील मेनूथ येथे निकोलस कॅलन नावाचे धर्मगुरू विज्ञान शिकवीत. १८३६ मध्ये त्यांनी एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यावर बारीक तारेचे पुष्कळ वेढे गुंडाळले. जाड तारेतला घटाचा प्रवाह तोडला की बारीक तारेत मोठा झटका निर्माण होई. मोजायला उपकरणे नव्हती, म्हणून फादर कॅलन विद्यार्थ्यांना तारा धरायला लावून झटक्याची तीव्रता ठरवीत असे सांगतात. विज्ञानशिक्षकाने सगळ्याच बाबतींत पूर्वसूरींचे अनुकरण करू नये याचे हे चांगले उदाहरण आहे.

पॅरिसमध्ये कारखाना असलेल्या हाइनरिख रुहमकॉर्फने १८५१ पासून या वेटोळ्याला उत्तम रूप दिले. बारीक तारेचे वेढे एकमेकांपासून नीट अलग ठेवून त्याने ठिणगीची लांबी वाढवत नेली. पण एक अडचण होती. आपल्याला ठिणगी हवी असते दुय्यम वेटोळ्याच्या टोकांशी. प्रत्यक्षात प्रवाह जिथे तोडला जाई, त्या संपर्कबिंदूंपाशीही एक जाड ठिणगी पडे. संपर्क उघडला तरी प्रवाह त्या ठिणगीच्या पुलावरून वाहतच राही आणि रेंगाळत रेंगाळत शून्यावर येई. फॅरडेचा नियम सांगतो की निर्माण होणारा दाब बलरेषा किती वेगाने बदलतात यावर अवलंबून असतो. समजा एक अँपिअरचा प्रवाह एका सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबण्याऐवजी दहाहजाराव्या भागात थांबला, तर दाब दहापट मिळेल. म्हणजे त्या नको असलेल्या ठिणगीमुळे हव्या असलेल्या ठिणगीचा जीव जात होता.

१८५३ मध्ये यावर उपाय सुचवला इपोलित फिझोने. दातेरी चाक फिरवून पृथ्वीवर प्रकाशाचा वेग मोजणारा फिझो तो हाच; ते काम १८४९ चे. त्याने सांगितले की संपर्कबिंदूंना समांतर एक धारित्र जोडा. बिंदू उघडतात त्या क्षणी प्रवाहाला जायला दुसरी जागा मिळते, तो धारित्र भरू लागतो. तेवढ्या अवधीत बिंदू इतके दूर जातात की त्यांच्यामध्ये ठिणगी पडू शकत नाही. प्रवाह झटक्यात तुटतो. रुहमकॉर्फच्या वेटोळ्याच्या लाकडी बैठकीत मग कथलाचा वर्ख आणि रोधक कागदाचे थर दडवलेले असत. पाहणाऱ्याला ते दिसतही नसत.

एत्येन लेन्वारने १८६० मध्ये दिव्याच्या वायूवर चालणारे इंजिन विक्रीला आणले तेव्हा त्यात ठिणगीसाठी रुहमकॉर्फचे वेटोळे आणि घट होते. पण घट उतरत, बिंदू जळत, आणि इंजिनवाले लोक विजेला वैतागत. म्हणूनच ऑटोचे १८७६ चे प्रसिद्ध चार टप्प्यांचे इंजिन ज्योतीने पेटे. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८३ मध्ये बाहेरून तापवलेली नळी वापरली. नळीचे एक टोक सिलिंडरमध्ये उघडे, दुसरीकडे बर्नर. याच पद्धतीच्या इंजिनावर १८८६ मध्ये त्यांनी कानश्टाटजवळ नेकार नदीत एक बोट चालवली. जगातल्या पहिल्या पेट्रोल मोटरबोटींत तिची गणना होते. लोक पेट्रोलच्या स्फोटाला घाबरत. म्हणून डाइमलरने बोटीच्या कडेने चिनी मातीचे रोधक बसवले, त्यांवरून तारा ओढल्या आणि बोट विजेवर चालते असे भासवले, अशी कथा सांगितली जाते. इतिहासाची ही मौज आम्हाला फार आवडते. पहिल्या मोटरबोटीवर विजेच्या तारा होत्या, फक्त त्यांत वीज नव्हती!

कार्ल बेन्झ मात्र त्याच काळात आपल्या तीनचाकीसाठी घट आणि वेटोळे यांच्याशीच झुंजत होता. त्याला ठिणगी हवी तेव्हा देता-थांबवता येत होती. तापल्या नळीला असे काही सांगता येत नाही. घटाचा प्रश्न सोडवला तो रॉबर्ट बॉशच्या श्टुटगार्टच्या कार्यशाळेने. १८८७ मध्ये त्याने एका जाग्यावर बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो केला. इंजिनच चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे हलवते आणि आपली ठिणगी आपणच तयार करते. १८९७ मध्ये हा मॅग्नेटो वाहनावर चढला. १९०२ च्या सुमारास बॉशच्या गॉटलोब होनोल्डने एकाच यंत्रात दोन्ही वेटोळी, तोडणारे बिंदू आणि धारित्र बसवून उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला ठिणगीचा प्लग सिद्ध केला. घट नको, वेगळे जनित्र नको. हे यंत्र इतके गाजले की १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनला साक्षात्कार झाला की आपले बहुतेक मॅग्नेटो शत्रूच्या देशातून येतात. विमानांना मॅग्नेटो हवे होते आणि घरी ते करणारे कारखाने जवळजवळ नव्हते.

अमेरिकेत मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने १९०९ पासून बोटीला बाहेरून लावायची मोटर बाजारात आणली. तलावापलीकडून प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारून मारून ते वितळले, आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे म्हणतात. खरे असो-नसो, सांगायला गोष्ट छान आहे. अशा छोट्या मोटरीवर घट ठेवायला जागा नसते आणि पाण्यात तो भिजतो. त्यामुळे लवकरच मॅग्नेटोचे चुंबक थेट गतिचक्रातच बसवले जाऊ लागले. दोरी ओढली की गतिचक्र फिरते, चुंबक खालच्या वेटोळ्यांवरून जातात, एक कंगोरा बिंदू उघडतो, ठिणगी पडते. केटरिंगने १९१० च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी घटावर चालणारी सोयीस्कर पद्धत काढली आणि गाड्या हळूहळू तिकडे वळल्या. बोटी, फवारणी यंत्रे, मोपेड गतिचक्रालाच चिकटून राहिल्या. आपल्याकडची लुना आणि बजाज चेतक ही दोन्ही १९७२ ची अपत्ये. ज्या वर्षीचा दुष्काळ मराठवाड्यात अजून आठवला जातो, त्या वर्षीची. कितीतरी शिक्षकांनी त्यांच्या गतिचक्राच्या खिडकीतून बिंदू घासले असतील.

आता पुन्हा बाभळीच्या सावलीत येऊ. मिस्त्रींनी गतिचक्र ओढून काढले. खाली एका गोल तबकडीवर सगळे दुहेरी मांडलेले होते. वरच्या सिलिंडरसाठी एक वेटोळे, एक बिंदूंची जोडी, एक कंडेन्सर. खालच्यासाठी तसाच दुसरा संच. (पाठ्यपुस्तकातले धारित्र बाजारात कंडेन्सर नावानेच मिळते, म्हणून आम्हीही आता तेच नाव वापरतो.) सगळ्याचा आकार जेवणाच्या ताटाएवढा. १८३१ पासून १९०२ पर्यंतचा इतिहास त्या ताटात वाढलेला होता.

प्रथम बंद करण्याच्या बटणाची तार सोडवली. मॅग्नेटोचे हे वैशिष्ट्य विद्यार्थ्यांना मुद्दाम विचारण्यासारखे आहे. घरातला दिवा विझवायला आपण मंडल तोडतो. मॅग्नेटो विझवायला मंडल जोडावे लागते. बटण दाबले की प्राथमिक वेटोळे इंजिनाच्या धातूला टेकते, बिंदू उघडले तरी प्रवाह तुटत नाही आणि ठिणगी पडत नाही. म्हणून या तारेचे आवरण झिजून ती कुठे अंगाला लागली तर इंजिन कायमचे ‘बंद’ राहते आणि माणूस उगाच प्लग बदलत बसतो. आमच्या बोटीत तार सोडवूनही फरक पडला नाही. ती निर्दोष.

मग बिंदू. नऊ महिने पडून राहिलेल्या इंजिनात बिंदूंवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो वीज जाऊ देत नाही. मिस्त्रींनी ते बारीक कानसेने हलके घासले आणि नंतर खिशातली दहाची कोरी नोट मध्ये घालून ओढली. कानशीचा कण मागे राहू नये म्हणून. आम्ही प्रयोगशाळेत यासाठी गाळणकागद वापरतो, काम तेच. अंतर फिलर गेजने अर्धा मिलिमीटर केले. खालच्या सिलिंडरचे बिंदू जरा जास्तच निळे-काळे पडलेले होते. मिस्त्री त्याकडे क्षणभर पाहत राहिले, पण बोलले नाहीत.

यानंतर आम्ही एक शंका काढली. प्लगची ठिणगी उघड्या हवेत दिसते याचा अर्थ ती सिलिंडरच्या आतही पडते असा होतो का? होत नाही. फ्रीडरिख पाशेनने १८८९ मध्ये दाखवले की वायूतून ठिणगी पडायला लागणारा दाब दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतो: टोकांमधले अंतर आणि वायूचा दाब. उघड्या हवेत एका मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात असे धरू. सिलिंडरमध्ये मिश्रण पाच-सहा पट दाबलेले असते. तेथे त्याच प्लगला कितीतरी जास्त व्होल्ट हवेत. अशक्त मॅग्नेटो बाहेर ठिणगी देतो आणि आत देत नाही. तेव्हा एका लाकडी ठोकळ्यावर दोन खिळे ठोकून त्यांच्यात सहा मिलिमीटरचे अंतर ठेवले आणि ठिणगीला तेवढी उडी मारायला लावली. गार इंजिनात दोन्हीकडून ती उडाली. म्हणजे गार असताना दोन्ही संच खरेच सशक्त होते.

जुळवाजुळव करून बोट काठाच्या खुंटाला दोरखंडाने बांधली आणि इंजिन चालू ठेवले. सतराव्या मिनिटाला आवाज बदलला. मिस्त्रींनी चटकन बंद करून प्लग काढले. वरचा कोरडा, तपकिरी. खालचा तेलपेट्रोलने ओला. खालचा सिलिंडर मरत होता. खिळ्यांच्या ठोकळ्यावर खालच्या तारेची ठिणगी आता उडी मारीना.

आम्ही म्हणालो, ‘मिस्त्री, ही कॉइलच. मुंबईहून मागवावी लागेल.’ इतक्या जुन्या मोटरीची कॉइल मिळायला महिना तरी लागला असता, आणि किंमत ऐकून बोटवाल्यांचे चेहरे उतरले होते.

‘मागवा की,’ मिस्त्री म्हणाले. ‘पण आदी अदलाबदल करून बघू. आपल्यापाशी दोन-दोन हायेत, मग मुंबईला कशाला इचारायचं?’

त्यांनी वरची कॉइल खाली आणि खालची वर बसवली. बाकी सगळे जसेच्या तसे. पुन्हा इंजिन चालू, पुन्हा वीस मिनिटे. मेला तो खालचाच सिलिंडर. आमची संशयित कॉइल आता वरच्या सिलिंडरला निमूटपणे ठिणगी देत होती. मग त्यांनी फक्त कंडेन्सर अदलाबदल केले. यावेळी ऊन चांगलेच चढले होते आणि चौदाव्या मिनिटाला वरचा सिलिंडर मेला. खालचा चालू राहिला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे स्थिर ठेवायचे, हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. त्या दिवशी ते मिस्त्रींनी केले आणि आम्ही केले नाही. आम्ही एका सुंदर कारणाच्या प्रेमात पडलो होतो. तापल्यावर चीर फाकते हे खरे आहे, अशा कॉइली असतात. पण तापल्यावर कंडेन्सरचा रोधक कागदही गळका होतो, आणि तो गळका झाला की आपण १८५३ च्या मागे जाऊन पोहोचतो: प्रवाह झटक्यात तुटत नाही, दुय्यम ठिणगी क्षीण होते. निळे-काळे पडलेले बिंदू सकाळपासून हेच सांगत होते. मिस्त्रींना नंतर विचारले, तुम्हाला तेव्हाच कळले होते का? ‘कळलं नव्हतं, वाटलं होतं,’ ते म्हणाले. ‘वाटल्यावर गिऱ्हाइकाचा पैसा घालीत नसतेत.’

कंडेन्सर जिंतूरच्या एका दुकानात मिळाला, मोपेडचाच. या कामाच्या कंडेन्सरांची धारिता बहुधा पाव मायक्रोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे तो चालण्यासारखा होता. येथे एक सावधगिरी हवी. जास्त मोठा कंडेन्सर म्हणजे जास्त चांगला, असे नाही. वेटोळ्यात साठलेली ऊर्जा ठरावीक असते. कंडेन्सर अवाढव्य असेल तर ती ऊर्जा त्याला अर्धवट भरण्यातच संपते आणि दाब वर चढत नाही. फार लहान असेल तर बिंदूंवरची ठिणगी विझत नाही. फिझोच्या युक्तीला दोन्ही बाजूंनी कड आहे.

हे वर्गात दाखवता येते. जुन्या ट्यूबलाइटचा लोखंडी गाभ्याचा चोक घ्यावा (नवे इलेक्ट्रॉनिक चालणार नाहीत). त्याच्या दोन टोकांना टेस्टरमधून काढलेला छोटा निऑन दिवा जोडावा. मग दीड व्होल्टचा एक सेल चोकला क्षणभर लावून तार झटक्याने काढावी. ज्या निऑनला पेटायला साठ-सत्तर व्होल्ट लागतात, तो दीड व्होल्टच्या सेलने चमकतो. अंधाऱ्या खोलीत फार छान दिसते. आता तार जिथे सेलपासून तुटते त्या जागेला समांतर पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून तोच प्रयोग करावा. निऑन पेटणार नाही. का, हे विद्यार्थ्यांना ऊर्जेचे गणित मांडून शोधू द्यावे. चोकचे प्रवर्तकत्व एक हेन्री आणि त्याच्या तारेचा रोध चाळीस ओहम धरला तर उत्तर साधारण पंचवीस व्होल्ट येते. फक्त चोकची दोन्ही उघडी टोके एकाच वेळी हातात धरू नयेत. झटका जीवघेणा नसला तरी फादर कॅलनच्या विद्यार्थ्यांची आठवण करून देण्याइतका असतो.

पुढच्या काळात बिंदू आणि कंगोरा दोन्ही गेले. १९६० च्या दशकापासून बोटींच्या मोटरींत अर्धवाहक आले. त्यांत धारित्राला सुरुवातीलाच काही शे व्होल्टला भरून ठेवतात आणि योग्य क्षणी ते वेटोळ्यात एकदम रिते करतात. बिंदूंचा पहारेकरी म्हणून आलेले धारित्र असे घराचे मालक झाले. आज पूर आला की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्या रबरी बोटी येतात, त्यांच्या मोटरींना कोणी नोट घालून घासत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये परभणी-हिंगोलीकडे, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याच्या मोठ्या भागात पाणी चढले तेव्हा पुन्हा दिसले की बाहेरची बोट येईपर्यंतचे पहिले काही तास गावाला आपल्याजवळ असेल त्यावरच काढावे लागतात. आणि गावाजवळ असते ते बहुतेक वेळा जुनेच असते.

नवा कंडेन्सर बसवल्यावर संध्याकाळी बोट बांधून न ठेवता पाण्यात सोडली. मिस्त्री, ते शिक्षक, बोटीचे दोन मालक आणि आम्ही. पन्नास मिनिटे इंजिन चालवले, त्यातली शेवटची दहा वाऱ्याविरुद्ध. आवाज बदलला नाही. काठावर आल्यावर मिस्त्रींनी जुन्या कंडेन्सरचे पत्र्याचे नळकांडे पक्कडीने उघडले. आत पातळ पत्र्याची आणि कागदाची लांब पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. ती त्यांनी बाभळीखाली हातभर उलगडली, तेव्हा कागदाच्या एका कडेला टाचणीच्या डोक्याएवढे जळलेले भोक दिसले. भोवताली पाणी शिरल्याचा तपकिरी डाग होता. शिक्षकांनी ती पट्टी वहीत ठेवून शाळेत नेली.